विरजणाची वाटी

"आवाजावर जाऊ नकोस. तोंड बघ."

मालनमावशींनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या नव्या साडीच्या निऱ्या घालून बघत होते आणि माझ्या ओठांत दोन सेफ्टीपिना होत्या. मी नुसतं "हं" केलं.

"हं काय? ऐकलंस काय, वृषाली?"

"ऐकलं मावशी. हात वर करा जरा."

त्यांनी हात वर केले, पण बोलणं थांबवलं नाही. "उद्या सकाळी माझी आठ दारं तुला करायची हाईत. वाटी घ्यायची, दारात उभं राहायचं, विरजण मागायचं आणि तोंड बघायचं. एवढंच काम."

"आणि मिळालेल्या विरजणाचं काय करू?"

"मांजराला घाल."

मी हसले. पिना पडल्या. रेवा, माझी चौदा महिन्यांची मुलगी, लगेच त्यांच्यावर झेपावली आणि तिच्या मुठीतून त्या काढून घेताना पुढचं बोलणं राहून गेलं.

नऊ वर्षं झाली याला. आम्ही तेव्हा इचलकरंजीत होतो. मिलिंद, माझा नवरा, एका सायझिंगमध्ये सुपरवायझर होता. मागावर जाण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. मी परभणीची, मायक्रोबायोलॉजीची पदवी घेऊन घरात बसलेली. आमच्या गल्लीत समोरासमोर बावीस दारं आणि दोन्ही टोकांना मागांचे शेड. दिवसभर खडखडाट. सुरुवातीला डोकं उठायचं, पुढे वीज गेल्यावर माग थांबले की बेचैन व्हायला लागलं. इथल्या बायका स्वतःबद्दल "मी जातो, मी येतो" बोलतात, याचीही तशीच सवय झाली.

मालनमावशी समोरच्या निळ्या दारात एकट्या राहायच्या. वय चौसष्ट. काम मेंडिंगचं. मागावरून उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, तुटलेला धागा, राहिलेली गाठ शोधायची आणि सुईनं दुरुस्त करायची. दोष त्या डोळ्यांनी शोधत नसत, तळहात फिरवून शोधत. आणि रोज सकाळी पाणी भरून झालं की जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक चेपलेली वाटी घेऊन विरजण मागत फिरत. आज या दारात, उद्या त्या. गल्लीत त्यावर चेष्टा चालायची. "मावशीचं दही काय अजून लागलं न्हाई," असं कोपऱ्यावरच्या अक्काताई म्हणायच्या, आणि मावशी म्हणायच्या, "तुझ्या विरजणात दम न्हाई, मी काय करू?"

मला ती एकट्या बाईची सवय वाटायची. चार माणसांशी बोलायचं निमित्त.

पुरस्काराचा अर्ज मीच भरला होता. आठ मार्चला कोल्हापुरात एक महिला प्रतिष्ठान जिल्ह्यातल्या पाच कर्तृत्ववान स्त्रियांचा सत्कार करणार होतं. पेपरातली जाहिरात वाचली त्याच दिवशी मी अर्ज आणला. मावशींनी पूर्वी एकदा मेंडिंगच्या बायकांना घेऊन तीन दिवस बैठक मारली होती. शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता म्हणून. एकशे दहा बायका कापडासमोर हात बांधून बसल्या आणि चौथ्या दिवशी गवंडी आला. ते मी सविस्तर लिहिलं. ‘लाभार्थींची संख्या’ असा रकाना होता, तिथे एकशे दहा लिहिलं. निवड झाल्याचं पत्र आलं. मानपत्रही तुम्हीच लिहा आणि मंचावर वाचा, असं त्यांनी कळवलं.

साडी नेसवून बघत होते त्याच संध्याकाळी मी ते मावशींना वाचून दाखवलं होतं.

"‘प्रतिकूल परिस्थितीत स्त्रीशक्तीची ज्योत अखंड तेवत ठेवणाऱ्या…’"

"ही कोण गं?"

"तुम्ही."

"ज्योत कसली? गल्लीतली ट्यूब लागंना दोन महिने झालं." मग साडीचा पदर सोडत त्या म्हणाल्या, "ते राहू दे. राजमतीच्या दारात जरा जास्ती थांब."

राजमती म्हणजे आमच्या रांगेतलं शेवटचं घर. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी गेली होती, पण तिथे भावाच्या लग्नाची धांदल सुरू झाली म्हणून पाचव्या आठवड्यातच बाळाला घेऊन परत आली होती. नवरा भरत सकाळच्या पाळीला मागावर.

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"परवा विरजण दिलं तिनं. आंबट ढाण. काल दिलं ते त्याच्याहून आंबट. तीन दिवस झालं पोरीनं दही लावलं न्हाई, तेच जुनं देती."

"मावशी, मार्च महिना आहे. उन्हानं आंबतं. त्यातले जीवाणू वाढतात भराभर." हा माझा विषय होता.

"असतील की जीवाणू," मावशी म्हणाल्या. "दूध हाय, विरजण हाय, बाई हाय. मग दही का लागंना?"

मला याचं उत्तर द्यायचं नव्हतं. मला मानपत्रातलं ‘अखंड’ बदलायचं होतं.

सकाळी पावणेसातला प्रतिष्ठानची पांढरी गाडी आली. सत्कार अकराला, पण सन्मानमूर्तींना तालमीसाठी नऊला हजर राहायचं होतं, म्हणून मावशी एकट्या पुढे जाणार होत्या. अक्काताईंनी ओवाळलं. मावशी गाडीत बसल्या, काच कशी खाली करायची ते ड्रायव्हरला विचारलं आणि खिडकीतून मला जर्मनची वाटी दिली.

"आत्ताच जा. नऊ वाजू देऊ नकोस."

"आज एक दिवस नाही गेलं तर?"

"एक दिवस म्हंजे काय असतंय?" असं म्हणेपर्यंत गाडी हलली.

वाटी मी आमच्या खिडकीत ठेवली. सव्वाआठला टेम्पो येणार होता. गल्लीतल्या सगळ्या बायका कोल्हापूरला निघाल्या होत्या, अगदी वर्गणी काढून, डब्यात चिवडा घेऊन. मला केस धुवायचे होते, रेवाला भरवायचं होतं, मानपत्र दोनदा मोठ्यानं वाचायचं होतं. आणि खरं सांगायचं तर हातात वाटी धरून लोकांच्या दारात उभं राहायची मला लाज वाटली. दही आमच्याकडे होतं. विचारपूसच करायची तर ती सरळ करावी, असं माझं शिकलेलं डोकं म्हणालं.

रेवाला कडेवर घेऊन मी निघाले. सात दारं पाच मिनिटांत झाली, कारण सात दारं उघडीच होती. कुणी वेणी घालत होतं, कुणी पोराला दटावत होतं. आठवं बंद.

"राजमती, बरी आहेस ना गं?"

आतून आवाज आला, "बरी हाय वहिनी. बाळ झोपलंय."

"कार्यक्रमाला येत नाहीस ना?"

"नको. तुम्ही या जाऊन."

स्वच्छ, मऊ आवाज. बाळ झोपलंय म्हटल्यावर कडी वाजवणं बरं नव्हे. रेवा माझं मंगळसूत्र चघळत होती. मी परत फिरले. दार उघडलं नाही याचं मला बरंच वाटलं, कारण आठ वाजत आले होते.

टेम्पोत एकोणीस बायका. गल्लीत मागे राहिले ते म्हातारे आणि रात्रपाळी करून झोपलेले पुरुष. हातकणंगले मागे पडेपर्यंत चिवडा संपला होता. अक्काताई म्हणाल्या, "आज मावशीला विरजण कोण देणार गं? स्टेजवर मागंल बघा ती." सगळ्या हसल्या. मीही. पण मला काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. गॅस बंद केला का? केला होता. रेवाचं औषध? पिशवीत होतं. मी पिशवी तीनदा उघडून बघितली.

सभागृहात पुढच्या रांगेत मावशी बसल्या होत्या, छातीवर ‘सन्मानमूर्ती’ लिहिलेला बिल्ला. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली.

"डाव्या हातानं घ्यायचं, उजव्या हातानं हात मिळवायचा आणि फोटोवाल्याकडं बघायचं. तीनदा करून घेतलं माझ्याकडनं. घेणं एवढं अवघड असतंय व्हय?" त्यांनी रेवाला मांडीवर घेतलं. "झाली आठ दारं?"

"झाली."

"विरजण कुणी कुणी दिलं?"

मंचावर माइक तपासत होते. मी म्हणाले, "वाटी नाही नेली मावशी. पण सगळ्यांची चौकशी केली. सगळ्या बऱ्या आहेत. सात तर इथेच आल्यात."

"राजमती?"

"तीही बरी आहे."

"दिसली?"

"आवाज दिला तिनं. बरी हाय म्हणाली. बाळ झोपलंय म्हणाली."

मावशींचा हात रेवाच्या पाठीवर फिरत होता. तो थांबला. कापडावरून फिरताना दोष लागला की थांबायचा तसा.

"आवाज कसा होता?"

"चांगला होता. एकदम शांत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"तुझाबी शांत होता," त्या म्हणाल्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. रेवा सात आठवड्यांची होती तेव्हा. माझी आई परत गेली होती, मिलिंद दोन पाळ्या करत होता, आणि मी किती दिवस झोपले नव्हते ते मला माहीत नव्हतं. रडू येत नव्हतं. उलट सगळं सोपं वाटायला लागलं होतं. एका सकाळी मी रेवाला पाळण्यात ठेवलं, दुधाची बाटली बाजूला ठेवली, पाळण्याच्या दोऱ्या नीट बांधल्या आणि गच्चीच्या दाराची चावी खिळ्यावरून काढली. आमची इमारत तीन मजली होती. दारात टकटक झालं.

"पोरी, जरा विरजण दे गं."

"नाहीये मावशी," मी आतून म्हणाले. "मी बरी आहे. बाळ झोपलंय."

मी बरी आहे का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"बोटभर दे. भांड्याला लागलेलं असंल की."

"नाहीये."

"बघ तरी. मी हाय उभी."

त्या खरंच उभ्या राहिल्या. बाहेरून कडी वाजवली नाही, दुसरी हाक मारली नाही. पण गेल्याही नाहीत. दाराखालून त्यांच्या पावलांची सावली दिसत होती. किती वेळ गेला कोण जाणे. कंटाळून, त्या जाव्यात म्हणून मी दार उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मुठीकडे, आणि वाटी पुढे केली. मी त्या वाटीत चावी टाकली. का टाकली ते मला आजही सांगता येणार नाही. समोर वाटी धरली की माणूस तिच्यात हातातलं टाकतो, इतकंच.

मग त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक." पुढचे दोन महिने त्या रोज येत राहिल्या. डॉक्टरांकडेही त्याच घेऊन गेल्या, ‘थायरॉइड तपासायचाय’ असं मिलिंदला सांगून. गच्चीची चावी त्यांच्याच घरात राहिली. वाळवण घालायचं असलं की गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून मागून न्यायच्या.

आणि इतके दिवस मी समजत होते की त्या सकाळी त्या योगायोगानं आल्या. माझं नशीब म्हणून नेमक्या आल्या. अर्ज मी त्या नशिबाची परतफेड म्हणून भरला होता, आणि त्यात ते सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. वर्षभर रोज ती वाटी माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. विरजण बंद दारातून देता येत नाही. बाईला उठावं लागतं, कडी काढावी लागते, हात पुढे करावा लागतो. सभागृहातल्या त्या खुर्चीवर बसून मला हे कळलं, आणि तेव्हा वाटी बत्तीस किलोमीटरवर माझ्या खिडकीत होती.

"फोन लाव," मावशी म्हणाल्या.

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात आलो. बचत गटाच्या पापडांचं टेबल होतं तिथे. राजमतीचा फोन बंद. भरतचा वाजत राहिला. मागांच्या खडखडाटात खिशातला फोन कुणाला ऐकू येत नाही. गल्लीतली जिची जिची आठवण आली ती आत दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत बसलेली होती. सत्कार बघायला आम्ही अख्खी गल्ली उचलून आणली होती.

मी मिलिंदला लावला.

"साहेब आलेत गं, नंतर करतो."

"गाडी काढ आणि घरी जा. राजमतीकडे. आत्ता."

"का? काय झालं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"मिलिंद, जा ना रे."

माझा आवाज शांत नव्हता. बहुधा म्हणूनच तो गेला.

आत पहिला सत्कार झाला. टाळ्या. दुसरा सुरू झाला. बिल्ला लावलेल्या एक मॅडम यादी घेऊन बाहेर आल्या. "हुपरेमावशी, पुढचा नंबर तुमचा. आणि मानपत्र वाचणाऱ्या तुम्हीच ना? विंगेत चला."

"व्हय, आलो," मावशी म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. रेवा पापडाच्या टेबलाचं कापड ओढत होती. मी तिला सोडवत होते, फोनकडे बघत होते, पुन्हा तिला सोडवत होते. अकरा मिनिटं झाली. फोन वाजला.

"आहे ती," मिलिंद म्हणाला. "हाक मारली मी. बरी आहे म्हणाली. बाळ झोपलंय म्हणे."

"मग रडतंय कोण?"

फोनमधून, मागांच्या आवाजाखालून, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"हो… रडतंय बहुतेक. पण ती आतून म्हणाली की—"

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. "जावईबापू, तुमच्या खिडकीत माझी वाटी हाय. ती घ्या आणि विरजण मागा तिला."

"मी?"

"तुम्हीच."

"मावशी, ती घरात एकटी आहे. मी पुरुष माणूस, बरं दिसेल का?"

"पुरुषाला दही चालत न्हाई व्हय? जावा. फोन चालू ठेवा, खिशात टाका. आणि न्हाई म्हणाली तर जाऊ नका. बोलू बी नका फार. उभं राहा."

त्यांनी फोन माझ्या आणि त्यांच्या कानांच्या मध्ये धरला. खरखर. आमच्या दाराची कडी. चपला. मग मिलिंदचा आवाज, दूरवरून आल्यासारखा.

"वहिनी, जरा विरजण आहे का?"

काही नाही.

"वहिनी?"

"न्हाई."

"थोडंसं. बोटभर."

बाळाचं रडणं.

मंचावरून माइकवर निवेदन आलं, "आणि यानंतरच्या सन्मानमूर्ती, श्रीमती मालन हुपरे." टाळ्या सुरू झाल्या. आमच्या गल्लीच्या टाळ्या वेगळ्या ओळखू येत होत्या. अक्काताईंनी तर शिट्टी मारली असावी.

मावशींनी दुसरा कान तळहातानं झाकला.

"वहिनी," मिलिंद म्हणत होता, "वृषाली नाही घरी. मला दही लावता येत नाही. दूध गरम घ्यायचं का गार? तुम्ही सांगाल का?" हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"श्रीमती मालन हुपरे," पुन्हा निवेदन. टाळ्या विस्कळीत झाल्या. बिल्ल्याच्या मॅडम धावत आल्या, "अहो मावशी, नाव पुकारलं!"

मावशींनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केलं.

कडी निघाल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही ऐकू आला. लोखंडी कडी, गंजलेली, दोन झटक्यांत निघणारी.

मिलिंदनं फोन खिशातून काढला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला. हळू बोलत होता. "मावशी, उघडलं."

"तोंड बघा."

"बघतोय."

"कसं हाय?"

हा माझा नवरा, ज्याला आम्ही थायरॉइड सांगितला होता.

"मागच्या वर्षी वृषालीचं होतं तसं," तो म्हणाला.

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मूठ बघा. मोकळी हाय का मिटलेली?"

"मिटलेली."

"वाटी पुढं करा. बोलू नका."

आम्ही दोघी फोनला कान लावून इथे, मिलिंद आणि राजमती तिथे दारात. मग जर्मनच्या वाटीत काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला. ते काय होतं ते मी मिलिंदला कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"आता आत जावा," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "बाळाला उचला. मग चहा टाका. साखर जास्ती घाला. आम्ही येतो."

फोन माझ्या हातात देऊन त्या बिल्ला काढायला लागल्या. पीन अडकली होती. मॅडमनीच ती सोडवून दिली. त्यांना काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं.

"मावशी, पाचच मिनिटं. अध्यक्ष थांबलेत."

"त्यांना म्हणावं, बसून घ्या. मी जातो."

"पण पुरस्कार?"

"पळून जातोय व्हय तो?"

मला वाटलं, मला मागे थांबून मानपत्र वाचायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी रेवाला उचललं आणि पायऱ्या उतरायला लागल्या. मी मानपत्राची घडी ब्लाउजमध्ये खोचली आणि मागे गेले. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर वडापाव खात होता. मावशी म्हणाल्या, "बाबा, खात खात चालवशील का?"

शिरोलीचा नाका गेल्यावर त्या बोलल्या.

"त्या अर्जात किती बायका लिहिल्यास?"

"एकशे दहा."

"त्यात तू हाईस काय?"

"नाही."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

आम्ही पोचलो तेव्हा राजमती चुलीच्या ओट्याला टेकून खाली बसली होती, हातात चहाचा कप, न प्यालेला. मिलिंद बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता आणि त्याच्या शर्टावर दूध ओघळलं होतं. मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, नव्या साडीसकट, आणि म्हणाल्या, "कप दे इकडं. गार झाला असंल. दुसरा टाकू."

राजमती सावरली. औषधं घ्यावी लागली, आईला बोलवावं लागलं, भरतला समजायला वेळ लागला. तिचा मुलगा आता बेळगावात चौथीत आहे. त्या रात्री मिलिंद आणि मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच, की त्याला वर्षभर माहीत होतं आणि विचारायची भीती वाटत होती. मलाही सांगायची.

सन्मानचिन्ह महिन्यानं घरपोच आलं, मखमली डब्यातली पितळेची थाळी. मावशींनी ती दोन्ही हातांनी तोलून बघितली, खूश झाल्या आणि दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. तेवढ्या मापाचं झाकण त्यांच्याकडे नव्हतं.

आता आम्ही सुरतेत आहोत. मिलिंद इथल्या एका मिलमध्ये नोकरीला आहे. गल्लीतले माग भंगारात गेले, एकेक घर उठलं. अक्काताई वारल्या. राजमतीचा नंबर लागत नाही. मावशी त्याच निळ्या दारात आहेत, वय त्र्याहत्तर. मी दर रविवारी सकाळी फोन करते. पूर्वी अर्धा तास जायचा. पाणी आलं नाही, गुडघा, ट्यूब, रेवा किती उंच झाली. गेले तीन रविवार त्या एवढंच म्हणतात, "बरी हाय. झोपतो जरा." सकाळचे अकरा वाजलेले असतात. मी त्यांना बरं आहे का असं विचारायच्या आधीच म्हणतात. मागच्या रविवारी मी विचारलं, दही लावता का हो अजून? म्हणाल्या, "कुणासाठी?"

माझा धाकटा तीन महिन्यांचा आहे. त्याला घेऊन इतका लांबचा प्रवास करू नका, असं डॉक्टर म्हणतात. मिलिंदला पुढच्या महिन्यात रजा आहे. मला पुढचा महिना फार लांब वाटतो. रात्री मी मुलांची पांघरुणं बघायला उठते आणि मग झोप येत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी इचलकरंजीत असाल तर एक करा. जुन्या सायझिंगच्या मागे गल्ली आहे, तिथे निळं दार एकच. सकाळी जा. दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नाही. हातात वाटी असू द्या, कसलीही चालेल. त्या आतून म्हणतील, बरी हाय. आवाज शांत असेल. तुम्ही विरजण मागा. नाही म्हणाल्या तरी मागा, आणि कडी निघेपर्यंत उभे राहा.